दोघींत एक खातं

माझ्या धाकट्या बहिणीला डब्लिनला नोकरी लागली, तेव्हा तिनं सगळ्यांत आधी फोन मलाच केला. त्यामुळे तक्रारीला तशी काही जागा नव्हती. मी दिलसुखनगरच्या कोचिंग सेंटरमध्ये दोन बॅचच्या मधल्या सुट्टीत डबा उघडून बसले होते. ती फोनवर हसत होती, मधेच रडत होती. मी म्हटलं, "अरे वा, मस्त की." फोन ठेवला आणि डब्याचं झाकण लावून टाकलं. भूकच मेली.

सरळ सांगते, मी जळले. बरं, मला स्वतःला परदेशी जायचं होतं असंही नाही. मला थंडी सोसत नाही. डिसेंबरात हैदराबादेत जरा गार वारा सुटला की मी कानाला मफलर गुंडाळून बसते आणि आई मला हसते. मला कुणी अडवलेलं नव्हतं, घरासाठी मी काही सोडलंबिडलंही नव्हतं. बँकेच्या परीक्षांना बसणाऱ्या पोरांना मी गणित शिकवते. बरं शिकवते, पोरं पास होतात, माझं छान चाललं होतं. पण तिला मिळालं म्हटल्यावर मला हवं झालं. आमचं लहानपणापासून हे असंच. एकाच कढईतली भजी, पण तिच्या ताटातली मला जास्त कुरकुरीत दिसायची.

याला थोडेसे आमचे बाबाही जबाबदार आहेत. घरात कुठलीही वस्तू आली की ते म्हणायचे, "दोघींत एक." सायकल दोघींत एक. कपाट दोघींत एक. पुढे मोबाइल आला तोही दोघींत एक, आणि स्कूटरही. वस्तू एक असली की बहिणी जुळवून घ्यायला शिकतात, असं त्यांचं म्हणणं. आम्ही काही शिकलो नाही. आम्ही रोज भांडलो. तिला त्यात काही वाटायचं नाही, कारण ती जन्मली तीच अर्ध्यात. माझं तसं नव्हतं. ती यायच्या आधी मी सगळं अख्खं बघितलेलं होतं.

खातंही असंच. मला अठरा पूर्ण झाली तेव्हा बाबा आम्हा दोघींना स्कूटरवर बसवून बरकतपुऱ्यातल्या बँकेत घेऊन गेले. माझं पहिलं खातं काढायला जायचं म्हणून मी दोन वेण्या घातल्या होत्या. तिथे पोचल्यावर कळलं की खातं दोघींच्या नावावर निघणार. ती अजून कायद्यानं अज्ञान, म्हणून तिच्या बाजूनं बाबांनी सही केली, आणि ती मोठी झाल्यावर त्यांनी तिला नेऊन तिची सही नोंदवून आणली. तेव्हापासून दोघींपैकी कुणीही जावं, सही करावी, पैसे काढावेत. शाळेची बक्षिसं, दिवाळीची ओवाळणी, तिची स्कॉलरशिप, माझ्या शिकवण्या, सगळं त्यातच. बाबा गेल्यावर स्कूटर भंगारात गेली, कपाट आईनं घेतलं, मोबाइल तर केव्हाचा मेला. दोघींत एक म्हणावं असं ते खातं तेवढं उरलं. कोचिंगचा पगार दुसऱ्या बँकेत यायला लागला तरी मी ते खातं मोडलं नाही. आईच्या वाढदिवसाची साडी त्याच खात्यातून यायची.

तिच्याबरोबर तिच्याच वर्गातल्या एका मुलीची निवड झाली होती. ती मूळची पुण्याची, इथे शिकायला आलेली, हॉस्टेलवर राहायची. आता घरात दर वाक्यागणिक "ती म्हणते" सुरू झालं. ती म्हणते सूटकेस कडक नको, मऊ घे. ती म्हणते मसाले तिकडे मिळतात, उगाच वजन नको. आई आणि मी अफझलगंजला जाऊन मिरच्या, खोबरं, धने घेऊन आलो होतो, आईनं चार दिवस घर ठसकवून सोडलं होतं, आणि ती म्हणते नको. मी अजून त्या मुलीचं तोंडही बघितलं नव्हतं, पण मला ती मनापासून आवडेनाशी झाली.

मग एका रविवारी ती जेवायलाच आली. दिसायला साधी, वागायला चांगली, आईच्या पाया पडली. हेही मला आवडलं नाही. काहीतरी नाव ठेवायला जागा ठेवावी की माणसानं. मी स्वयंपाकघरातून बहिणीला हाक मारली, "काय करायलीस गं, पाणी आण की." तर ही पाहुणी डोळे मोठे करून म्हणाली, "अय्या, 'करायलीस'! तुमचं मराठी किती गोड आहे." आमच्या तीन पिढ्या या शहरात गेल्या. घरात मराठी, दारात तेलुगू, रिक्षावाल्याशी दखनी, असं आमचं चालतं, आणि आजवर कुणाला त्यात गोड लागलं नव्हतं. मी म्हटलं, "हौ, वरणात गूळ घालतो ना, म्हणून असेल." बहिणीनं माझ्याकडे डोळे वटारून बघितलं.

जेवताना बँकेचा विषय निघाला. तिकडे गेल्यावर पगारासाठी खातं लागणार. मोठ्या बँकेत काढायचं तर राहत्या पत्त्याचा पुरावा द्या म्हणतात, आणि घर भाड्यानं घ्यायचं तर घरमालक म्हणतो आधी तिथलं खातं दाखवा. त्यावर पाहुणीनं तोडगा काढून ठेवलेला होता. आधी फोनवर उघडणारं खातं काढायचं, पहिला पगार त्यात घ्यायचा, बस्तान बसलं की मोठ्या बँकेत जायचं. माझी बहीण अशी मान हलवत होती, जसं काही हे शहाणपण जगात पहिल्यांदाच कुणी सांगत होतं. मी गेला आठवडाभर हेच वाचून काढलं होतं. तीन बँकांचे खर्च ताडून बघितले होते, तिला सांगायलाही गेले होते, तेव्हा ही म्हणाली होती, "नंतर बघू अक्का."

"आणि इकडचं?" आईनं विचारलं. "ते बरकतपुऱ्याचं?"

पाहुणी म्हणाली, "ते तसंच नाही ठेवता येत काकू. परदेशी राहायला गेलं की इथलं साधं बचत खातं चालत नाही. एक तर बंद करायचं, नाहीतर एनआरओ करून घ्यायचं, म्हणजे इकडची जमा इकडेच राहते. आणि तिकडची कमाई घरी पाठवायला एनआरई वेगळं काढायचं. मी तर सांगते, जुनं बंदच कर. नव्या बँकेत ऑनलाइन दोन्ही निघतात."

"बँकेला सांगितलंच नाही तर?" आई म्हणाली. आमच्या आईचा हा जुना स्वभाव. सरकारनं विचारल्याशिवाय आपण होऊन बोलायचं नाही.

"तेच की," मी म्हटलं. "कोण बघायला बसलंय? अर्ध्या हैदराबादची पोरं बाहेर आहेत, सगळ्यांची खाती आहेत तशीच आहेत." हे बोलताना मला पक्कं ठाऊक होतं की नियम तसा नाही. आमच्याच सेंटरमध्ये शेजारच्या वर्गात सर हे शिकवतात, भिंतीतून मला पाठ झालंय. तरी मी रेटून बोलले. पाहुणीनं शांतपणे फोन काढला, नियम शोधला आणि वाचून दाखवला. आवाज न चढवता. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

बहीण म्हणाली, "मग बंदच करून टाकू ना अक्का. जे आहे ते अर्धं अर्धं करू. तुलापण कटकट नको."

किती सहज म्हणाली. वरण वाढ म्हणावं तसं. मी उठून ताक आणायला गेले आणि फ्रिज उघडा टाकून तशीच उभी राहिले. त्या खात्यात असं काय मोठं होतं? काही नव्हतं. पण त्यावर तिचं नाव होतं आणि माझं नाव होतं, आणि बाबा गेल्यावर आम्हाला एका ओळीत लिहिणारी दुसरी जागा उरली नव्हती. ते बंद झालं की ती डब्लिनची आणि मी दिलसुखनगरची. मला ते नको होतं. माझं नाव तिच्या नावाशेजारी राहायला हवं होतं, बस. पण हे असं सरळ तोंडानं म्हणायचं कसं? आमच्या घरात कुणी असं बोलत नाही.

मी ताक घेऊन बाहेर आले, तर दोघी तिकडच्या घराचं बोलत होत्या. एकच घर घेणार होत्या. बहीण आईला सांगत होती, "भाडं, लाईट, किराणा, यासाठी आम्ही तिथे एक जॉइंट खातं काढणारोत. दोघींचं मिळून." आणि हसून म्हणाली, "बाबांसारखं. दोघींत एक."

मी ताकाचं भांडं टेबलावर इतक्या जोरात ठेवलं की ते उसळून पाहुणीच्या ओढणीवर सांडलं. मुद्दाम नव्हतं. पण वाईटही वाटलं नाही. ती बिचारी "असू दे, असू दे" म्हणत पुसत राहिली.

त्यानंतर मी बहिणीशी कामापुरतंच बोलायला लागले. ती खरेदी करत होती, निरोप घेत होती, शेजारपाजारच्या बायका येऊन तिच्या हातावर काही ना काही ठेवत होत्या आणि जाताना मला विचारत होत्या, "आणि तुझं काय गं?" मी म्हणायचे, "माझं काय, मी आहेच की." माझ्या वर्गातली पोरंही तेव्हा माझ्या वाटेला जात नव्हती. एकानं शेकडेवारीचं साधं गणित चुकवलं तर मी त्याला दरवाजा दाखवला.

जायच्या आदल्या आठवड्यात ती सकाळी माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. "अक्का, बँकेत येतेस का? तुझी सही लागते."

खातं मोडायला माझीच सही, म्हटलं वा. रिक्षात ती दोनदा काहीतरी सांगायला गेली, मी बाहेरच बघत राहिले. काचीगुड्याच्या चौकात रिक्षा अडकली तेव्हा तिनं माझा हात धरला. मी पर्समधला रुमाल शोधायचं निमित्त करून तो सोडवून घेतला.

बँक आता ओळखू येत नव्हती. काचा, थंडगार हवा, बसायला सोफे. समोर साधारण आईच्या वयाच्या मॅडम होत्या, कपाळावर मोठं कुंकू, बोलणं तेलुगू वळणाच्या हिंदीत. बहिणीनं आपली कागदं पुढे केली आणि म्हणाली, "बंद नहीं करना मॅडम. एनआरओ करना है. और अक्का का नाम रखना है."

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. कान मात्र लाल झाले होते, खोटं बोलताना किंवा खरं बोलताना तिचे होतात तसे. हेच ती रिक्षात सांगायला बघत होती, आणि मी बाई बाहेरची दुकानं मोजत बसले होते.

मला इतका आनंद झाला की मी पायातली चप्पल उगाच काढली आणि घातली. पुण्याच्या मुलीनं सांगूनसुद्धा हिनं माझं ऐकलं होतं, तेही मी न सांगता. मनात आलं, आता दाखवते त्या शहाणीला. तुमचं तिकडचं खातं भाड्याचं आणि किराण्याचं. हे बाबांनी काढलेलं आहे.

मॅडम म्हणाल्या, "रख सकते. सगी बहन है ना, चलता. लेकिन पहले जैसा नहीं रहता." मग चष्मा काढून त्यांनी आम्हाला नीट समजावलं. आधी कसं, दोघींपैकी कुणीही सही करायची. आता ती बाहेर राहणारी, मी इथली, म्हणून तसं चालणार नाही. पहिलं नाव तिचं. चालवायचं तिनं. माझं नाव दुसरं, नुसतं सोबतीला. त्या माझ्याकडे वळल्या आणि पेनानं आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे दाखवत म्हणाल्या, "जब तक ये हैं, आप कुछ नहीं कर सकते. इनके बाद, पूरा आपकाच."

मला आधी कळलंच नाही. "इनके बाद म्हणजे?"

मॅडमनी नुसतं वर छताकडे बघून हात जोडल्यासारखं केलं, जसं आपण गेलेल्या माणसाचं नाव घेताना करतो. बाबा गेल्यावर याच बँकेत आईला अशाच एका खुर्चीवर बसवलं होतं, आणि त्यांच्या दोघांच्या खात्यावरचं बाबांचं नाव काढून टाकलं होतं. आई घरी येऊन म्हणाली होती, आता सगळं माझ्या एकटीचं झालं, आणि पदर तोंडात कोंबून बसली होती.

जन्मभर मी जिच्या वाट्याचं मागत आले, तिची एक वस्तू अखेर अख्खी माझ्या एकटीची होणार होती. अर्धी नाही, पूरा. आणि त्यासाठी काय व्हायला लागणार होतं ते त्या बाई पेनानं दाखवून मोकळ्या झाल्या होत्या.

"नक्को," मी म्हटलं. "माझं नाव काढा."

आता बहिणीनं माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा पार उतरला होता. "अक्का, किती दिवस रागावणारेस? मी जायलेय म्हणून एवढी जळतेस की माझ्या नावाशेजारी तुझं नावपण नको?"

"जळते," मी म्हटलं. "तुझ्या नोकरीवर जळते, तुझ्या त्या मऊ सूटकेसवर जळते, त्या पुणेकरणीवर तर फारच जळते. पण हे नको मला. तू गेल्यावर मिळणारं मला काहीच नको. कळतंय का तुला, या काय म्हणतायत ते?"

तिला हसू फुटलं, आणि हसताहसता तिचे डोळे भरले. "अगं वेडाबाई, मला ते मागेच कळलंय. म्हणून तर तुझं नाव टाकायलेय. दुसऱ्या कुणाचं टाकू? ज्याला ते नको असेल त्याचंच टाकायचं असतं ना."

मॅडमनी आमच्या पुढ्यात पाण्याची बाटली सरकवली. असल्या बहिणी त्यांनी बऱ्याच बघितल्या असाव्यात. मी सही केली. सही वाकडी आली, म्हणून त्यांनी परत करायला लावली.

ती गेली. विमानतळावर पुण्याच्या मुलीचे आईवडील आले होते, त्यांनी आम्हाला बाकरवडीचा पुडा दिला. मी तो घरी आणून तसाच ठेवला, आईनं खाल्ला. तिकडे त्यांनी घर घेतलं, फोनवरचं खातं निघालं, पुढे मोठ्या बँकेतलंही निघालं, सगळं त्या मुलीनं सांगितल्याप्रमाणे. फोटो येतात. दोघींत एक हीटर, दोघींत एक कुकर. माझ्या आईनं केलेल्या मसाल्याची बरणीही दोघींत एक. शेवटी नेली होतीच. मी फोटो बघते, माझ्या पोटात दुखतं, आणि मी खाली "छान" असं लिहिते.

दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन येतो. मागे एका रविवारी आला नाही. मी लावला तर बंद. त्या पुण्याच्या मुलीचाही बंद. आई टीव्ही बघत होती, तिला काही बोलले नाही. आधी मला राग आला, की बसली असेल कुठेतरी मजा करत. मग राग ओसरला आणि त्या मॅडमचं पेन दिसायला लागलं, आधी तिकडे, मग इकडे. इनके बाद. मी ओट्यावरची भांडी घासली, घासलेली परत घासली. देवापुढे जाऊन उभी राहिले, आणि मला मागताही येईना, कारण मागायला तोंड उघडलं की ते शब्दच पुढे येत होते.

शेवटी फोन वाजला. "अक्का, सॉरी गं. आम्ही समुद्रावर गेलतो. दोघींच्यापण फोनची चार्जिंग संपली. काय भारी जागा आहे, किराक एकदम. इतकी मज्जा केली ना आम्ही दोघींनी. ती म्हणते, दर रविवारी यायचं इथे."

ती म्हणते. मी ओल्या हातानं फोन कानाशी धरून ओट्याला टेकून उभी राहिले, आणि डोक्यापासून पायापर्यंत अशी काही जळले, की माझा जीव भांड्यात पडला.